एकसष्ट गुणिले चौसष्ट

भांडं उघडून बघायचं नसतं.
तोंड मातीनं लिंपलं, खाली लाकूड सारलं
की आत काय चाललंय
ते नळीतून पडणाऱ्या थेंबाला विचारायचं.
करवंटीत धरून हलवायचा थेंब.
फुगे भराभर फुटले तर हुर्राक,
रेंगाळले तर फेणी, अजून थांब.
चाळीस मोसम मी हेच केलं नगरगावात
आणि जिभेला कधी लावली नाही.
माझ्या वाट्याची बापूस पिऊन गेला होता.
गावात हे कोणी खरं मानत नाही.
काळीज बिघडलं म्हटल्यावर तर
सगळे नुसते हसले.

वाळपईला ऑलिंडानं दंडाला रबर बांधलं.
मूठ आवळ रे बाबा, म्हणाली.
दोन बाटल्या भरल्या, एक जांभळ्या टोपणाची, एक पिवळ्या.
जांभळी तिनं हळूच उलटी केली, सुलटी केली.
मी सवयीनं फुगे शोधले.

दोनच बाटल्या चढवल्या होत्या मला
शहाऐंशी साली, उसगावला ट्रक उलटला तेव्हा.
पावसाळा सोडून मी खनिजावर, भट्टी फक्त काजूच्या दिवसांत.
रक्त तेव्हा या रोगासाठी तपासत नव्हते.
कोणाचं होतं कोण जाणे.
त्यातून विषाणू आला असणार, डॉक्टर म्हणाले.
त्यातून मीही आलो, हे त्यांना सांगायचं राहिलं.

डॉक्टर कुंकळयेंकर यकृत म्हणतात, आम्ही काळीज.
सुई खुपसून तुकडा काढायला नको, म्हणाले,
रक्तावरून अंदाज येतो.
आणि माझ्यासमोर हिशेब मांडला, किराणावाल्यासारखा:
वय गुणिले एक एन्झाइम,
भागिले प्लेटलेट गुणिले दुसऱ्याचं वर्गमूळ.
दोन्ही एन्झाइम चौसष्टच निघाले, जुळ्यासारखे.
चौसष्टाचं मूळ आठ. एवढं अजून येतं मला.

एकसष्ट गुणिले चौसष्ट, तीन हजार नऊशे चार.
खाली एकशे बावन्न आठे.
तीन पूर्णांक एकवीस.

सव्वातीनच्या वर गेलं तर
काळीज दगडावलंय असं धरून चालतात.
दीडच्याही बरंच खाली असलं तर घरी जा म्हणतात.
मधे रक्त काही बोलत नाही.
मधल्यांना बांबोळीला पाठवतात, मशीनखाली.
गोळ्या बारा आठवड्यांच्या, त्या मिळतीलच, म्हणाले,
पण आत कितपत झालंय ते आधी कळलेलं बरं.

तारीख होती वीस मे.
एक जूनला मला बासष्ट लागतात.

रात्री भट्टीवर बसून फेणीच्या वहीत परत मांडलं,
फक्त एकसष्ट खोडून.
तीन पूर्णांक सव्वीस.
रक्त तेच, जुळे तेच, प्लेटलेटही तेवढ्याच,
आणि मी रेघेच्या पलीकडे.

बायको म्हणाली, एक जून तुझा वाढदिवस कुठं?
तो तर परब मास्तरांचा.
खरं आहे ते. शाळेत घातलं तेव्हा
ज्यांच्या घरात तारीख नव्हती
त्या सगळ्यांना मास्तरांनी एकच दिवस वाटला,
आणि साल दातांकडे बघून.
आम्ही अकरा जण एका दिवशी जन्मलो.
आईला विचारलं तर सांगायची,
म्हादईला पूर आला, तराची होडी गेली, त्या रात्री.
कोणत्या साली गो?
पुराला साल असतं काय, म्हणायची.

म्हणजे त्या सगळ्या हिशेबात
एन्झाइम यंत्रानं मोजलेले,
प्लेटलेट यंत्रानं मोजलेल्या,
आणि मी मास्तरांच्या नजरेनं.

मोसम संपला. माती फोडून भांडं उघडलं.
तळाला काळं चिकटलेलं, नारळाच्या सोडणानं घासलं,
निघालं तेवढं निघालं.

नऊ जूनला बांबोळी. खिडकीतल्या पोरीनं
नाव लिहिलं, गणू गावस, तालुका सत्तरी.
मग मान वर न करता विचारलं, वय?

मागे बरीच रांग होती.