निवडलेला भाग

ग्युमरीतल्या माझ्या दुकानात
हायकानुशबाई लग्नाचा फोटो घेऊन आल्या.
नवरा भलतीकडेच बघतोय.
"याला माझ्याकडे वळव."

कडेकडेनं माउस फिरवला,
वाघार्शाकभोवती
ठिपक्यांच्या मुंग्या धावू लागल्या.
आडवं उलटं. एक क्लिक.
वळला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाल्या.

मग चष्मा पुसून स्क्रीनवर वाकल्या.
भुवईवरचा व्रण उजवीकडे गेलेला,
कोटाची बटणं बायकी झालेली,
खिशातलं फूल
काळजाची बाजू सोडून.

"हा कोण?"

मी कंट्रोल झेड दाबलं.
तो परत खिडकीकडे बघायला लागला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.
"तिकडे काय होतं
तेवढं मोठं करून दाखव."