पेशंट कोण?

मिरज जंक्शनला उतरले तेव्हा सव्वानऊ झाले होते.
खांद्यावर एकच पिशवी,
परतीचं तिकीट चष्म्याच्या घरात.

रिक्षावाल्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं,
"कुठला दवाखाना, मावशी?"
"कुठलाच नाही. गणेश तळ्यावर सोडा."
आता मात्र तो वळला.
"तिथं कोण आहे?"
"कोणी नाही."
त्यानं भाडं सांगितलं, मी घासाघीस केली नाही.
त्याचंही त्याला नवल वाटलं असावं.

या गावात माणसं डबे घेऊन येतात,
एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरून येतात
आणि एसटीची वाट बघताना उन्हासमोर धरून
आपल्याच बरगड्या मोजतात.
मीही तशीच आले होते, सत्त्याऐंशी साली,
चव्वेचाळीस दिवस.
खाटेखाली चटई, नळावर नंबर,
मेडिकलवाल्याच्या वहीत आमचं पान.
शालन म्हणायची,
"अगं, जवळच तळं आहे म्हणे. जाऊन ये की जरा."
मी म्हणायचे, "तू बरी हो. दोघी जाऊ."

तळं
माझ्या मनातल्यापेक्षा लहान निघालं.
दगडी काठ, मधेच निसटलेला एखादा चिरा,
पायरीवर कोणाची तरी वाळत घातलेली सतरंजी.
पाण्यावरच्या हिरव्या सायीतून
एक पाणकोंबडी वाट पाडत गेली
आणि ती गेल्यावर वाट पुन्हा मिटली.
दोन पोरं गळ टाकून बसलेली.
"काय मिळतं रे?"
"काय नाय."
"मग?"
"मग काय. बसायचं."
बसले.

दुपारी ऊन चुकवत सतारमेकर गल्लीत शिरले.
वाळलेले भोपळे एकावर एक,
लाकडाचा भुसा दस्तगीरभाईंच्या भुवयांवरसुद्धा.
"तंबोरा बघायचाय?"
"नुसताच बघायचाय."
"बघा की, बघायला पैसे पडत नाहीत.
पेशंट कोण आहे तुमचं?"
मला हसू आलं. त्यांना कळलं नाही, तरी तेही हसले.
मग एका भोपळ्यावर टिचकी मारून म्हणाले,
"कडू जात. खायच्या कामाची नाही.
आतलं सगळं काढायचं, बी न् बी,
तेव्हा कुठं बोलतो."
हे वाक्य ते येईल त्याला ऐकवत असणार.
तरी मी घेतलं,
पावती न मागता.

मला खरं आवडलं ते पुढचं.
त्यांनी तार छेडली, ती कोरडीच वाजली.
मग सुताचा एवढासा तुकडा
तारेखाली सरकवला, मागे, पुढे, केसभर मागे,
आणि एकदम
कोणीतरी खोलीचं दार उघडल्यासारखा
आवाज लांबवर गेला.
"कुठं थांबायचं हे कसं कळतं?"
"नाही कळत. सरकवत राहायचं."

परतताना दवाखान्याच्या फाटकापाशी
पाय आपसूक वळले.
वॉचमन म्हणाला, "पास?"
पास नव्हता. बरं झालं.

गाडीला अजून दीड तास होता,
म्हणून परत तळ्यावर.
ऊन आता फक्त पलीकडच्या काठाला उरलेलं.
शेजारी एक बाई येऊन बसली, चाळिशीतली,
तीन खणांचा डबा, धुतलेला, रिकामा.
थोडा वेळ पाण्याकडे बघून तिनं विचारलंच,
"तुमचं कोण आहे?"
"बहीण."
"बरी आहे का आता?"
मी जरा वेळ लावला.
"तिला तळं बघायचं होतं."
तिनं आजूबाजूला पाहिलं, काही बोलली नाही.
मग मीच विचारलं,
"तुम्ही रोज येता इथं?"
"छे हो! बारा दिवस झाले, आज पहिल्यांदा.
आमच्या पेशंटनंच हाकललं,
जा म्हणाला, जाऊन ये जरा,
माझ्या तोंडाकडं काय बघत बसलीस."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं,
काय ते जुळत नव्हतं.
तेवढ्यात पोरं ओरडली.
गळाला काहीतरी लागलं होतं, जड,
काठी पार वाकलेली.

दोघी उठून उभ्या राहिलो.