मधली बिजागरी

आमच्या कपाटाला तीन बिजागऱ्या.
वरची गप्प, खालची गप्प,
मधली तेवढी बोलायची.

आधी एक बारीकसं क्कि,
मग दार अर्ध्यावर आलं की लांबलचक रेघ,
होडी वर घेताना ओंडक्यांवर तळ घासतो तशी.

निवतीत लोखंड टिकत नाही.
छत्रीच्या काड्या, कुलपाची कडी,
माझ्या शिवणाच्या डब्यातल्या सुयासुद्धा
वारा चाटून जातो.
ठाऊक असून कुडाळहून कपाट आणलं
ते लोखंडी बिजागऱ्यांचं.
पितळेच्या घेतल्या तर दोनशे रुपये जास्त होत होते.

तेव्हा पोर पाळण्यात होतं, दचकायचं.
मी खोबरेल लावलं. मुंग्या आल्या.
मेणबत्ती घासली. चैत्रात वितळून
लग्नातल्या शालूवर ओघळ.
इंदुमतीवहिनी म्हणाल्या, पेन्सिलीचं शिसं घाल.
चार दिवस शांतता,
आणि माझी बोटं
पहिलीतून नुकती सुटल्यासारखी काळी.

इनास मेस्त्री आला होता एकदा, खिडकीच्या कामाला.
दार दोन बोटांनी जरासं उचलून धरलं त्यानं.
आवाज नाही.
सोडलं. आवाज.
"बिजागरी तेलासाठी रडणा नाय गो, भारासाठी रडता.
काय टांगलंस दाराक?"

दाराला आतून आरसा,
आणि खिळ्यावर ह्याचे दोन जाड शर्ट,
रेनकोट, टॉर्च.
मी म्हटलं, चहा घेतोस?

त्या शर्टासाठी रात्री तीनला दार उघडतं.
दिवा लावत नाही हा. चपला हातात.
हंडा-कळशी चुकवत, श्वाससुद्धा मोजून,
आणि मग ती मधली.
मी डोळे मिटलेलेच ठेवते.
ट्रॉलरवर जाताना आमचं बोलणं एवढंच,
सतरा वर्षं.

पोर आता मालवणात, आयटीआयला.

कार्तिकात एका दुपारी, वारा पडलेला,
हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसला.
खिळा लावून खालून ठोकत पिन वर काढली.
रॉकेल, घासपेपर.
तिखटासारखी लाल पूड पडली कागदावर,
इतकी, की एका बिजागरीत मावेल असं वाटेना.
मग मशीनचं तेल, माझंच, न विचारता,
इंजिनाला देतो तसं थेंब मोजून.
दार पाचदा उघडून मिटून दाखवलं.
"बघ," म्हणाला, "आता तुझी झोप मोडूची नाय."

म्हणजे ह्याला ठाऊक होतं.

त्या रात्री हात लांब केला तर चादर गार.
किती वाजता गेला?
खाडीच्या तोंडाशी इंजिनं घरघरत होती,
आठ असतील, दहा असतील,
त्यातलं ह्याचं कुठलं ते ओळखू येईना.
उठून कपाट उघडलं. एक शर्ट नव्हता.
दार इतकं मऊ सरकलं
की मलाच माझी भीती वाटली.

सांगितलं नाही त्याला.
नखांत अजून गंज होता त्याच्या,
अशा माणसाला काय सांगायचं?
तेलाची बाटली फक्त रिळांच्या मागे सारली,
आणि पश्चिमेची झडप
रात्री ओढून घ्यायची सोडली.

सोळावी रात्र.
जाग होतीच मला.
दार निघालं, अर्ध्यावर आलं,
आणि फार बारीक,
पालीनं उगाच म्हणावं इतपत,
क्कि.

तोही थांबला. अंधारात,
एक हात शर्टात, एक बाहेर.

मी कूस बदलली, बांगड्या वाजतील अशी.
म्हटलं,
"टॉर्चचे सेल बदललेत."