येलदरीचा समुद्र

आमच्या जिंतुराला समुद्र नाही.
रात्रभर गाडीत बसलं, सकाळी दुसरी धरली,
तर कुठं कोकण लागतं म्हणे.
म्हणून लोक येलदरीला येतात,
पूर्णेच्या अडवलेल्या पाण्याकडं बोट करून म्हणतात,
इथंच काढा ताई, बीचवरच्यावाणी.

मी काढते.

मुनीरमामूंच्या स्टुडिओत एक पडदा होता,
निळा, तीन नारळांचा, लाटांना चुन्याची कड.
टेकून टेकून मधोमध
माणसाच्या पाठीएवढा समुद्र पुसला गेला होता.
मामूंनी तो पुन्हा रंगवला नाही.
म्हणायचे, तिथं कुणी ना कुणी उभंच राहणार की.

त्यांनीच शिकवलं:
पाण्याच्या रेघेनं कुणाची मान कापू नये.
गुडघे टेक, चिखल लागला तर लागू दे,
डोकी आभाळात आली पाहिजेत.
उजेड सूर्याचा मोज, माणसांचा नको,
काळी पडली तर पडू देत.
आणि दोघांमध्ये बोटभर आभाळ सोड,
नाहीतर दोन माणसांचं एक ढेकूळ होतं.

मेच्या अखेरीस केरबा घुगे आले,
एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर,
मागं सरूबाई, सेलूहून आणलेल्या हिरव्या इरकलीत,
गालांवर पावडर, मानेपर्यंत न पोचलेली.
लग्नाला चाळीस वर्षं झाली,
लेकीनं पैसे पाठवले होते, फोटो समुद्रावरच पाहिजे म्हणून.

पाणी उतरलं होतं. काठावर मुरूम,
शिंपल्या, भोयांची वाळत घातलेली जाळी,
आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात एक म्हैस,
तिला हाकलायला मी तीन खडे मारले.

थोडं सरका, मी म्हणाले.
जन्मभर लोकांना पुढं सरका म्हणणारा माणूस
जागच्या जागी अवघडला.
बोटभर मागितलं होतं, त्यांनी हातभर सोडलं.
मधल्या जागेत एक तिसरा पॅसेंजर
सहज बसला असता.
जवळ या. आले. जास्त झालं. मागं व्हा.
सूर्य खाली चाललेला, मी गुडघ्यावर,
आणि सरूबाई हसायला लागल्या,
तिकीट काढल्याशिवाय हे काही हलायचे न्हाईत.

सूर्य टेकला. मी दोन काढले, दोन्ही नियमात.
झालं, म्हणून कॅमेरा खाली घेणार,
तेवढ्यात त्या वाकल्या,
ह्यांच्या धोतराला कुसळं लागली होती.
एकेक वेचून पाण्यात टाकत होत्या,
आणि केरबांनी, तोल जाऊ नये म्हणून,
त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.
कुणाचा, कुणाचा तोल, ते मला खालून कळलं नाही.
बोटभर आभाळही उरलं नव्हतं.
मी दाबलं.

आठ दिवसांनी दुकानात दाखवला.
सरूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.
तोंड कुठंय?
तोंड नाही मावशी, आकार आहे.
आकार काय करायचा? इरकल कुठंय माझी?
काळं काहून केलंस सगळं?
मग बोट काचेवर नेऊन थांबल्या.
हे मात्र ह्यांचेच कान. बघ,
ऊन आरपार, लाल दिसायलंय.
लग्नातबी मी आधी कानच बघितले होते.

नेला त्यांनी दुसराच,
अंधार पडल्यावर फ्लॅश मारलेला.
त्यात तोंडं पांढरीफेक, इरकल हिरवीगार,
केरबांचे डोळे मिटलेले,
आणि मागं समुद्र असायला हवा तिथं
नुसता काळोख, ज्यात म्हशीचे दोन डोळे चमकतायत.

लेकीला आवडला म्हणे.
तिनं विचारलंही नाही, समुद्र कोणता.