चाचणीचा पत्ता

मी हातावर पोट असलेली बाई, फक्त हात कीबोर्डवर.
त्रिएस्तेत, चौथ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाची
खिडकीकडची अर्धी बाजू म्हणजे माझं ऑफिस.
उरलेल्या अर्ध्यावर पाव, कालची बशी, विजेचं बिल.

बोरा वारा सुटला की खिडक्या दात वाजवतात
आणि इंटरनेट जातं.
मग मी गिऱ्हाइकांना फोनवरून कळवते : उद्या नक्की.
उद्या नक्की हे माझं आडनाव झालंय.

दातांच्या डॉक्टरला हवा होता "जरा आनंदी" निळा.
सात निळे पाठवले.
त्यानं बायकोला विचारलं, बायकोनं भावाला,
भाऊ शिडाच्या होड्या शिकवतो, त्याला समुद्राचाच हवा.
मी खिडकीतून पाहिलं. समुद्र त्या दिवशी करडा होता.
आठवा निळा म्हणून पहिलाच पुन्हा पाठवला.
पसंत पडला.

पिझ्झावाल्यानं नव्वद दिवसांनी हिशेब चुकता केला :
निम्मे पैसे, निम्मे पिझ्झा.

मार्चमध्ये, कर भरायच्या आदल्या रात्री
जुनी पावती शोधताना एक फोल्डर उघडलं,
मीच केलेलं, मीच विसरलेलं.
नाव : चाचणी.
आत एक्केचाळीस पत्रं.

माझं भिंतीवरचं घड्याळ दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं.
आजोबांचं खिशातलं आहे, किल्ली देताना आत काहीतरी कुरकुरतं, आणू का?
बुधवारी उघडं असतं का?
मागच्या महिन्यातही लिहिलं होतं.

सगळी ओताव्हिओ झेरियाल यांच्या नावे.
घड्याळजी, मासळी बाजारामागची चिंचोळी गल्ली.
चार वर्षांपूर्वी त्यांची साइट मी केली.
फॉर्म चालतो का बघायला स्वतःचा पत्ता घातला,
स्वतःलाच लिहिलं : हॅलो हॅलो.
आलं. चालतंय.
पत्ता बदलायचा राहिला.

राहिला.
केवढंसं क्रियापद.

गेल्या शरदात त्यांनी दुकान बंद केलं.
रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले होते,
"तुझं काम सुरेख होतं, निवेस. पण लोकांना घड्याळं नकोत आता.
एकानंही विचारलं नाही."
आणि मी म्हणाले होते, हो ना, दिवसच तसे आहेत.
कॉफीचे पैसे त्यांनीच दिले.

मी सगळी पत्रं छापली.
काळी शाई संपली, शेवटची सहा जांभळी आली.
काय बोलायचं ते त्यांच्या जिन्यात तीनदा घोकलं,
दारात भलतंच बोलले.

त्यांनी ऐकलं. खुर्ची दाखवली.
डोळ्याला भिंग लावलं, अक्षरं मोठी होती तरी,
आणि पहिल्या कागदापासून वाचायला बसले.
खोलीत सात घड्याळं, सातांचं एकमेकांशी पटत नव्हतं.
नवव्या कागदाशी थांबले.
"ही मला ठाऊक आहे. नाताळात गेली."
मग दहावा.

अकरा मिनिटंवाल्यापाशी पेन्सिल मागितली.
समासात लिहिलं : लंबकाखालचा नट, अर्धा फेरा, वर.
"हे त्याला कळव.
उशीर झाला तेही लिही. कारण लिहू नकोस."

मी कारण लिहिलं.

घरी येऊन पत्ता बदलला. त्यांचा घातला.
सवयीनं फॉर्म भरून पाहिला आणि झोपायला गेले.
रात्री साडेअकराला फोन.
"निवेस, कुणीतरी नुसतंच हॅलो हॅलो लिहिलंय.
घड्याळाला काय झालंय ते सांगितलंच नाही."