ओलं

कोयाइकेत जून म्हणजे भर हिवाळा.
रात्रपाळीला आले की मी आधी खिडकीतून धुराडी बघते.
धूर सरळ वर गेला, तर मातेचा एखादा घोट निवांत मिळेल.
आडवा होऊन छपरांवर लोळला
तर वहीचं दुसरं पान आत्ताच आखून ठेवायचं.

तीन दिवस वारा पडलाय.
दरीवर थंडीचं झाकण,
खाली अख्खं गाव मंद आचेवर.

एक वाजून दहा. मियाराय, चौदा महिने.
दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत जाते,
आई तिथेच बघत राहते, माझ्या प्रश्नांकडे नाही.
दोन वीस. ओबेदो बार्रिया, एकोणऐंशी, मेंढपाळ होते.
"बर्फात झोपलो चाळीस वर्षं," म्हणाले,
मग थांबले, मग उरलेलं वाक्य मास्कमध्ये गेलं.
तीन. तीन पाच. तीन बारा.
कारणाच्या रकान्यात मी आता शब्द पुरा करत नाही,
नुसतं 'श्वा.' लिहिते.

डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर आलेख आहे:
पारा उतरतो, खाटा भरतात.
मला आलेखातलं कळत नाही.
मला पत्ते कळतात.
ही गल्ली, ती गल्ली, पाण्याच्या टाकीमागचं निळं घर:
माझ्या भावाचा ट्रक जिथे जिथे लाकूड उतरवतो
ते सगळं माझ्याच अक्षरात, वेळेसकट.

एलिएसेरला विचारलं होतं एप्रिलमध्ये,
ओंडक्यांच्या कापातून पाणी झिरपत होतं तेव्हा.
म्हणाला, लाकूड वाळायला दोन उन्हाळे लागतात,
ट्रकचा हप्ता महिन्याला लागतो.
आणि यंदाचा उन्हाळा तू पाहिलास ना, ताई?
नुसता पाऊस.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
कोण म्हणतं?
ओलं जळत नाही. धुमसत राहतं,
आणि सकाळपर्यंत कुणाच्या तरी छातीत शिटी वाजते.

आठला सुटले. घरात उणे चार,
नळ गोठलेला, खिडकीला आतून बर्फ.
चुलीशेजारी त्याचंच लाकूड रचलेलं,
बहिणीला फुकट.

पेटेना.
मी गुडघ्यांवर बसून फुंकते.
डोळे पुसते, पुन्हा फुंकते.
फुंकायला अजून
माझी छाती आहे.