तळटीप तीन

चरईतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात
गुप्ते स्मरणिकेचा मजकूर घेऊन आले.
तळ्याकाठच्या दगडाला म्हणे
कुणा सरदाराचा हत्ती बांधत.
मी विचारलं, कुठे सापडलं हे?
ते म्हणाले, पान जरा उघडं दिसतंय,
खाली काहीतरी बारीक अक्षरात येऊ द्या.

मी हत्तीच्या डोक्यावर
माशीएवढा तीनचा आकडा बसवला.
खाली टाकलं : तत्रैव, पृष्ठ ४१.
स्मरणिका चाळीस पानांची होती.
एक आणि दोन कुठे आहेत
हे ना त्यांनी विचारलं, ना मी.

पुढे एका प्रबंधात हत्ती चालत आला,
माझा तीन तिथे सतरा झाला होता.
मग पेपरात : ‘अभ्यासकांच्या मते.’
मग दगडाभोवती रेलिंग, पाटी,
पाटीच्या तळाशी पेपरची तारीख.

उद्घाटनाला चांगुणा भोईर
बादली घेऊनच उभी.
“यो त माजा धुन्याचा दगर.
गटाराचं काम झालं, तवा उरलेला.”
एका पोराने अदबीनं विचारलं,
“आजी, काही पुरावा आहे का तुमच्याकडे?”
तिने पोराकडे पाहिलं, मग दगडाकडे.
साबणाची वडी पदराखाली घेतली.

मी मागच्या रांगेत होतो.
चहा घेतला, समोसाही.

रात्री प्रबंध काढून बसलो.
दोनशे बारा तळटीपा,
मुंग्यांसारख्या शिस्तीत.
वाचता वाचता वाटलं,
एवढं सगळं आहे म्हणजे
हत्ती असेलही.